तीन वर्षांचे युद्ध, अकरा वर्षांची मालिका

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघातच ‘मॅश’ या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा उल्लेख झाला होता. त्यानंतर एकट्या नागपुरातून इतकी पत्रे आली की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्या मालिकेतील चुकांना द्यायचे ठरवले. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोरियन युद्धाच्या काळात आघाडीपासून काही मैलांवर तंबूंमध्ये चालणाऱ्या ४०७७ क्रमांकाच्या एका काल्पनिक फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही कथा आहे. सक्तीने भरती केलेले सर्जन, परिचारिका, एक धर्मगुरू, एक कारकून आणि या सर्वांना सांभाळून घेणारा प्रमुख अधिकारी ही तिची मुख्य पात्रे. सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ रोजी ती सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी अडीच तासांच्या शेवटच्या भागाने तिची सांगता झाली. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी ती डीव्हीडीच्या संचावरून, ओळीने आणि थोडक्या दिवसांत पाहिली आहे. त्यामुळे आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले सांधे त्यांना दिसले आहेत. पत्रे जागेअभावी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न: आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी दर शनिवारी एकत्र बसून ही मालिका पाहतो. चौथ्या पर्वात छावणीचे नवे प्रमुख कर्नल पॉटर रुजू होतात तो दिवस १९ सप्टेंबर १९५२ असल्याचे सांगितले आहे. नवव्या पर्वात मात्र १९५१ चे अख्खे वर्ष एका भागात दाखवले आहे आणि त्यात कर्नल पॉटर पहिल्या रात्रीपासून हजर आहेत. आमच्यात यावरून बराच वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की पहिली तारीख आपल्या ऐकण्यात चुकली असावी. खरे काय? (लक्ष्मीनगर)

उत्तर: आपल्या ऐकण्यात काहीही चुकलेले नाही. मालिकेतील ही सर्वांत ठळक आणि सर्वांत प्रसिद्ध विसंगती आहे, आणि तिची फोड नीट करून पाहण्यासारखी आहे.

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी होऊन थांबले. दिवस मोजले तर ते ११२८ भरतात. मालिकेची पर्वे अकरा आणि भाग अडीचशेच्या वर, म्हणजे सरासरी साडेचार दिवसांमागे एक भाग असा हिशेब येतो. नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर हे अशक्य नाही, कारण अशा रुग्णालयात चार दिवसांत सांगण्याजोगे काही ना काही घडतच असणार. अडचण सुरू होते ती कथेत खऱ्या तारखा आणि खऱ्या घटना येऊ लागतात तेव्हा.

त्या घटना ओळीने मांडून पाहू. तिसऱ्या पर्वात कोरियातील फौजांचे सेनापती जनरल मॅकआर्थर छावणीतून जातात, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा वेश करून, हातात मशाल घेऊन उभ्या असलेल्या क्लिंगर या (लष्करातून सुटका व्हावी म्हणून बायकी कपडे घालणाऱ्या) सैनिकाला सलाम करतात. मॅकआर्थर यांना अध्यक्ष ट्रूमन यांनी ११ एप्रिल १९५१ रोजी पदावरून दूर केले, तेव्हा हा प्रसंग त्याआधीचाच असला पाहिजे. त्या वेळी छावणीचे प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक आहेत. ब्लेक गेल्यावर पॉटर येतात ते सप्टेंबर १९५२ मध्ये. इथपर्यंत सारे जुळते. त्याच चौथ्या पर्वात नवनिर्वाचित अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कोरिया भेटीची गडबडही आहे, आणि ती भेट प्रत्यक्षात डिसेंबर १९५२ मध्ये झाली, म्हणजे तेही जुळते. परंतु त्याच पर्वातील आणखी एका भागात चिनी फौजा युद्धात उतरल्याच्या बातम्या येतात. चीन युद्धात उतरला तो १९५० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या भागात मात्र पॉटर आहेत आणि ब्लेक गेल्यानंतरच आलेले सर्जन बी. जे. हनिकटही आहेत. पॉटर येण्याच्या दोन वर्षे आधीची लढाई पॉटर यांच्या कारकिर्दीत होते ती अशी.

नवव्या पर्वातील आपण म्हणता तो भाग तर ३१ डिसेंबर १९५० च्या रात्री सुरू होऊन ३१ डिसेंबर १९५१ च्या रात्री संपतो. तो काळ कोणता याविषयी शंका घेण्यास लेखकांनी जागाच ठेवलेली नाही, कारण त्यातील एक मोठा धागा १९५१ च्या बेसबॉल हंगामाचा आहे. त्या हंगामातील नॅशनल लीग या साखळीचा निकाल ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसन यांच्या एका फटक्याने लागला, आणि अमेरिकेतील शाळकरी मुलालाही ते वर्ष पाठ असते. मालिकेत सहाव्या पर्वात, म्हणजे पॉटर यांच्याही नंतर आलेले सर्जन मेजर विंचेस्टर या भागात आहेत, आणि ज्या रेडारने कारकून म्हणून पॉटर यांचे स्वागत केले होते तो मात्र या भागात नाही. त्याच्या खुर्चीत क्लिंगर बसला आहे. थोडक्यात, १९५२ मध्ये जो कारकून हजर आहे तो १९५१ मध्येच घरी परतलेला आहे.

आपल्या मंडळाने आणखी एक मोजणी करून पाहावी. युद्धात नाताळ तीनच आले: १९५०, १९५१ आणि १९५२ चे. मालिकेत नाताळचे किंवा त्याच्या दुसऱ्या दिवसाचे चार वेगवेगळे भाग आहेत, पहिल्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या पर्वात. पॉटर सप्टेंबर १९५२ मध्ये आले असतील, तर जुलै १९५३ पर्यंत त्यांच्या वाट्याला एकच नाताळ येतो. मालिकेत त्यांनी तीन साजरे केले आहेत, आणि १९५१ चे वर्ष दाखवणारा भाग मी त्यात धरलेलाच नाही. एकाच दिवाळीचे तीन वेगळे फोटो, आणि प्रत्येकात पाहुणे वेगळे, असा हा प्रकार आहे.

आता यातले खरे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही तारखांपैकी एक ‘खरी’ ठरवून दुसरी फेटाळण्याचा प्रयत्न करू नये. पॉटर यांच्या आगमनाची तारीख चौथ्या पर्वात ठरली, आणि त्या वेळी ती योग्यच होती. युद्धाचे जवळपास दहा महिने उरले होते आणि मालिका आणखी एखाददुसरे वर्ष चालली असती तरी ते पुरले असते. प्रेक्षकांनी ती पुढे सात वर्षे चालवली. हातातले महिने संपल्यावर लेखकांपुढे दोनच मार्ग होते: युद्ध संपवायचे किंवा कॅलेंडर मागे न्यायचे. त्यांनी दुसरा निवडला. तो चोरून निवडला नाही, पडद्यावर वर्ष दाखवून निवडला, आणि म्हणून मला तो निष्काळजीपणा वाटत नाही.

प्रश्न: कर्नल ब्लेक यांच्या पत्नीचे नाव आधी मिल्ड्रेड आणि नंतर लॉरेन. पुढे पॉटर यांच्या पत्नीचेही नाव मिल्ड्रेडच. मालिकेचा नायक, सर्जन हॉकआय, वडिलांना लिहिलेल्या पत्रात आई आणि बहीण यांची आठवण काढतो, आणि पुढे तो एकुलता एक आणि त्याची आई तर तो लहान असतानाच वारलेली. एवढी मोठी संस्था, एवढा पैसा, आणि साधी नावे कोणी लिहून ठेवली नाहीत? (रामदासपेठ, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर: आपली निरीक्षणे अचूक आहेत. त्यांत भर घालायची तर धर्मगुरू मल्काही यांच्या नावाची घ्या. फ्रान्सिस, जॉन आणि पॅट्रिक ही तीन नावे कधी एका क्रमाने येतात, कधी दुसऱ्या. पहिल्या भागात तर ती भूमिका करणारा नटही वेगळा आहे. विल्यम ख्रिस्तोफर त्यानंतर आले.

आपल्याकडे आत्याच्या नणंदेचे माहेरचे नावही घरातल्या कोणाच्या तरी ध्यानात असते, त्यामुळे बायकोचे नाव बदलणे आपल्याला फारच खटकते. पण १९७२ साली दूरदर्शन मालिका कशा लिहिल्या जात होत्या हे लक्षात घ्यावे लागेल. भाग एकदा दाखवला जाई, उन्हाळ्यात फार तर एकदा पुन्हा दाखवला जाई, आणि मग प्रेक्षकापुरता तो संपे. घरी ध्वनिचित्रमुद्रण करता येईल असे सोनीचे बेटामॅक्स यंत्र बाजारात आले ते १९७५ मध्ये. व्हीएचएस त्याच्याही नंतर. पहिल्या पर्वातले वाक्य आणि दहाव्या पर्वातले वाक्य एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून ऐकणारा प्रेक्षक त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. दर भागाचा लेखक बहुधा निराळा असे. मालिका ज्यांनी उभी केली ते लॅरी गेलबार्ट चौथ्या पर्वानंतर बाहेर पडले, जीन रेनॉल्ड्स पाचव्यानंतर, आणि पुढची सूत्रे बर्ट मेटकाफ यांच्याकडे आली. सारी कथा डोक्यात धरून अकरा वर्षे एकाच खुर्चीत बसलेले कोणी नव्हते.

हॉकआयच्या आईचे मात्र मी वेगळे धरतो. ब्लेक यांच्या पत्नीचे नाव बदलल्याने कथेला काही मिळाले नाही. ती निव्वळ विसर आहे. हॉकआयची आई गेलेली आहे आणि घरी फक्त वडील आहेत, हे ठरल्यावर मात्र त्याच्या पत्रांना एकदम वजन आले. दहाव्या पर्वात वडिलांच्या शस्त्रक्रियेची बातमी येते, आणि कोरियाहून फोन लागेपर्यंत हॉकआय रात्रभर ताटकळतो. घरी आई आणि बहीण असती तर ती रात्र तशी झाली नसती. इथे लेखकांनी जुनी ओळ बाजूला सारली आणि चांगली ओळ घेतली.

आणि आपण म्हणता तसे साऱ्याच बाबतींत दुर्लक्ष होते, असेही नाही. एका भागापुरती सलगता, ज्याला चित्रीकरणात कंटिन्युइटी म्हणतात, ती त्यांनी मोठ्या निगुतीने सांभाळली आहे. आठव्या पर्वात एक भाग आहे, त्यात महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फाटलेला सैनिक येतो. वीस मिनिटांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर त्याचे पाय कायमचे जातील, असे सांगितले जाते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू होते. मी तो भाग मनगटावरचे घड्याळ समोर धरून पाहिला. पडद्यावरचे मिनिट आणि माझे मिनिट बरोबरीने चालत राहिले, आणि मधल्या प्रत्येक हालचालीला तिचा वेळ दिला गेला. ज्यांना वीस मिनिटे इतकी सांभाळता आली त्यांना अकरा वर्षे सांभाळता आली नाहीत, याचे कारण त्यांच्या डोळ्यांपुढे भाग होता, संच नव्हता.

प्रश्न: मी मेडिकलमधून शिकून चाळीस वर्षे सर्जन म्हणून काम केले. विनोदाचा मला आनंदच आहे; माझा प्रश्न शस्त्रक्रियागृहाबद्दल आहे. त्यातील वैद्यक १९५०-५३ चे आहे की चित्रीकरणाच्या काळचे? (धंतोली)

उत्तर: हा प्रश्न आला याचा विशेष आनंद आहे, कारण कर्नलांच्या बायकांच्या नावांपेक्षा तो पुष्कळ मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर मालिकेच्या बाजूने बरेचसे चांगले आहे.

मूळ कल्पना ज्यांच्या कादंबरीतून आली ते रिचर्ड हुकर, खरे नाव हॉर्नबर्गर, स्वतः सर्जन होते आणि कोरियात ८०५५ क्रमांकाच्या अशाच रुग्णालयात त्यांनी काम केले होते. त्यामुळे सांगाडा अनुभवाचा आहे. अशी रुग्णालये सुरुवातीला साठ खाटांची होती. आघाडी पुढे-मागे सरकेल तसा मुक्काम हलवायचा, जखमी सैनिक जवळच आणायचा, जीव वाचेल एवढी शस्त्रक्रिया करायची आणि त्याला मागे पाठवायचे, ही पद्धत मालिकेत बरोबर दाखवली आहे. काही जणांना असे वाटते की इतकी वर्षे एकाच जागी छावणी हे चुकीचे आहे. तेही पूर्ण खरे नाही. १९५१ च्या मध्यानंतर आघाडी जवळजवळ स्थिरावली, १० जुलै १९५१ रोजी वाटाघाटी सुरू झाल्या, आणि पुढची दोन वर्षे लढाई डोंगरामागून डोंगर अशी रेंगाळत चालली. त्या काळात एका जागी मुक्काम असणे स्वाभाविकच आहे.

रक्तवाहिन्या शिवण्याचे जे प्रसंग येतात ते आपल्याला कदाचित पुढच्या काळाचे वाटले असतील. पण नेमके तेच कोरियातील मोठे पाऊल होते. दुसऱ्या महायुद्धात हातापायाची मोठी धमनी तुटली की ती बांधून टाकत, आणि अशा जखमींपैकी जवळपास निम्म्यांचा तो अवयव कापावा लागे. कोरियात तरुण सर्जनांनी धमनी जोडण्यास सुरुवात केली आणि ते प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. वर सांगितलेल्या घड्याळाच्या भागात मरणासन्न सैनिकाची रक्तवाहिनी घेऊन दुसऱ्याच्या महारोहिणीत बसवली आहे. ते तंबूतल्या टेबलावर धाडसाचे खरे, तरी काळाला सोडून नाही. दात्याच्या धमनीचा तुकडा बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४८ मध्येच वापरला होता, आणि पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी मार्च १९५१ मध्ये पोटातील महारोहिणीला आलेल्या फुगवट्यासाठी तो बसवला. एखाद्या वाचन असलेल्या सर्जनाला ही कल्पना सुचणे शक्य होते. रक्ताच्या काचेच्या बाटल्याही त्या काळच्याच आहेत.

आपण बारकाईने पाहावे ते हृदय बंद पडल्याचे प्रसंग. छाती उघडून हृदय हाताने दाबणे हे त्या काळचे आहे. बाहेरून दोन्ही तळव्यांनी छाती दाबण्याची रीत मात्र अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय संस्थेतील कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा कोणताही सर्जन तसे करताना दिसला की ते हात १९७० च्या दशकातले समजावेत. नव्याने शिकलेले हात जुन्या सवयीत परत नेणे किती कठीण असते, हे आपल्याहून अधिक मी काय सांगणार.

हेलिकॉप्टरविषयीही एक बारकावा सांगतो. शीर्षकाच्या दृश्यात येणारी बेल कंपनीची, बाजूला स्ट्रेचर लावलेली, काचेच्या फुग्यासारख्या तोंडाची हेलिकॉप्टरे कोरियात होतीच, आणि हजारो जखमींचे प्राण त्यांनी वाचवले. मात्र अमेरिकी लष्कराच्या तुकड्यांनी या प्रकारच्या हेलिकॉप्टरमधून जखमींची नियमित ने-आण सुरू केली ती जानेवारी १९५१ मध्ये. पहिल्याच भागाच्या आरंभी मात्र ‘कोरिया, १९५०, शंभर वर्षांपूर्वी’ अशी अक्षरे येतात आणि हेलिकॉप्टरे आलेली असतात. काही महिन्यांचा हा फरक आहे, मोठा नाही. पण मालिकेचे घड्याळ पहिल्या मिनिटापासूनच थोडे पुढे होते, हे त्यावरून कळते.

प्रश्न: पौराणिक नाटकात अर्जुनाच्या मनगटावर घड्याळ दिसले तर आपल्याकडे प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात. ‘मॅश’मध्ये असे घड्याळ कुठे आहे? आणि त्या टेकड्या खरोखर कोरियाच्या आहेत का? मला त्या चैत्रातल्या सेमिनरी हिल्ससारख्या सुकलेल्या वाटतात. (सदर)

उत्तर: टेकड्यांबद्दल आपली नजर अगदी बरोबर आहे. बाहेरील चित्रीकरण कॅलिफोर्नियात सांता मोनिका डोंगररांगांमधील मालिबू क्रीक येथे झाले, आणि आतले स्टुडिओत. तेथील उन्हाळा कोरडा असतो आणि गवत भाजल्यासारखे पिवळे पडते. कोरियाचा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि त्या दिवसांत डोंगर हिरवे असतात. हिवाळ्याची दृश्ये तर बहुधा उन्हातच चित्रित झाली. जाड लष्करी कोट घालून, शेगडीभोवती हात चोळत नट उभे आहेत. पण त्यांच्या तोंडाकडे पाहा. उत्तर कोरियाच्या डोंगरांत १९५० च्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास गेला होता. तसल्या थंडीत बोलणाऱ्याच्या तोंडातून प्रत्येक शब्दाबरोबर वाफ निघते. बाहेरच्या दृश्यांत ती दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात लग्नाची शेरवानी घालून उभ्या असलेल्या नवरदेवाचा चेहरा जसा दिसतो तसे काही नटांचे कपाळ चमकताना दिसेल.

त्या जागेने शेवटी एक वेगळीच नोंद करून ठेवली. ऑक्टोबर १९८२ मध्ये शेवटच्या भागाचे काम सुरू असताना डोंगरात वणवा पेटला आणि बाहेरचा बराचसा सेट जळाला. लेखकांनी ती आग कथेत घेतली, आणि म्हणून शेवटच्या भागात छावणी आगीमुळे हलवावी लागते. कॅलिफोर्नियाचा वणवा कोरियात लागला, हा स्थळाचा विपर्यास म्हणावा लागेल. पण जळालेल्या लाकडांचा तो काळेपणा खरा आहे.

अर्जुनाचे घड्याळ शोधायचे तर रेडारच्या खाटेवर पाहावे. एका भागात तो झोपला आहे आणि त्याच्याजवळ ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे चित्रकथांचे पुस्तक आहे. ही चित्रकथा १९६३ मध्ये सुरू झाली. युद्धविरामानंतर दहा वर्षांनी छापायला लागणारे पुस्तक रेडारने उशाशी ठेवले आहे, याहून स्वच्छ कालविपर्यास मला या मालिकेत दुसरा सापडलेला नाही. सामान जमवणाऱ्या माणसाने जवळच्या दुकानातून एक चित्रकथा आणली असेल, आणि त्या काळच्या लहान पडद्यावर ती कोणाला वाचता आली नसेल. आज चित्र थांबवून ती वाचता येते.

याउलट, अकराव्या पर्वात हॉकआय आणि बी. जे. ‘द मून इज ब्लू’ हा गाजणारा चित्रपट छावणीत आणण्यासाठी धडपडतात. त्याला काही जण चूक म्हणतात, पण ती सरळ चूक नाही. तो चित्रपट १९५३ च्या उन्हाळ्यातच आला. मात्र तसे धरले तर ही सारी धडपड युद्धाच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत बसवावी लागते, आणि दिग्दर्शक ओटो प्रेमिंगर यांच्या ताज्या चित्रपटाची रिळे इतक्या लवकर आघाडीपर्यंत येतील अशी अपेक्षा फार मोठी आहे.

केसांबद्दल बोलायचे तर पहिल्या पर्वापासून सर्जनांचे कल्ले आणि मानेवर रुळणारे केस हे १९७० च्या दशकाचे आहेत. लष्करातल्या न्हाव्याने १९५१ मध्ये ते ठेवले नसते. परिचारिकांच्या केशरचनांनाही हेच लागू आहे. त्याच्याहून खोलवर गेलेली गोष्ट म्हणजे बोलणे आणि विचार. मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती, आणि अमेरिकी फौजा तेथून परतल्या १९७३ मध्ये. हॉकआय युद्धाविषयी जो संताप व्यक्त करतो, अधिकाऱ्यांपुढे ज्या उघडपणे बोलतो, त्यात व्हिएतनाम पाहिलेल्या पिढीचा आवाज आहे. मुख्य परिचारिका मार्गारेट पहिल्या पर्वांत थट्टेचा विषय असते आणि पुढे स्वतःच्या हक्काने उभी राहते, तेही १९७० च्या दशकात अमेरिकी स्त्रियांच्या चळवळीबरोबरच घडले. हा मालिकेतला सर्वांत मोठा कालविपर्यास आहे, आणि तो दुरुस्त करून मिळाला तर मला नको आहे, कारण तो काढला की मालिकेत बोलायला कोणी उरत नाही.

एक गोष्ट मात्र खरीखुरी कोरियातून आली आहे. क्लिंगरचे काम करणारे जेमी फार स्वतः लष्करात होते आणि जपान-कोरियात राहिले होते. क्लिंगरच्या गळ्यातल्या ओळखपट्ट्या फार यांच्या स्वतःच्या लष्करी सेवेतल्या आहेत. त्याचा झगा कोणत्याही वर्षाचा असो, त्याखालच्या त्या दोन पट्ट्या खऱ्या आहेत.

प्रश्न: मधूनमधून येणारा हशा फार खटकतो. युद्धभूमीवर प्रेक्षक कुठून आले? (महाल)

उत्तर: तो ध्वनिमुद्रित हशा वाहिनीच्या आग्रहाने घातला गेला. निर्मात्यांनी एक अट मात्र पाळून घेतली: शस्त्रक्रियागृहातील दृश्यांवर हशा नको. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशाविनाच दाखवली. आपल्याकडील डीव्हीडीच्या संचातही हशा बंद करण्याची सोय आहे. मुख्य यादीतील ध्वनीच्या पर्यायांत जाऊन पाहावे.

प्रश्न: माझे यजमान लष्करात होते आणि आमची बरीच वर्षे कामठीला गेली. मालिकेत ब्रिटिश आणि ग्रीक सैनिक येतात. समजा एखाद्या भागात भारतीय डॉक्टर दाखवला असता, तर ती चूक झाली असती का? की आपले लोक तिथे होते? (कामठी)

उत्तर: ताई, चूक तर झाली नसतीच, उलट ते दृश्य अगदी काळाला धरून झाले असते. भारताने या युद्धात लढाऊ फौज पाठवली नाही, पण वैद्यकीय तुकडी पाठवली. ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये पुसान बंदरात उतरली आणि ब्रिटिश राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर काम करू लागली. डिसेंबरात चिनी फौजांपुढे प्याँगयाँगहून माघार घ्यावी लागली तेव्हा वाहने पुरेशी नव्हती, आणि वैद्यकीय सामान मागे टाकायची वेळ आली होती. ते टाकण्यास या तुकडीने नकार दिला. त्यांनी एक आगगाडी मिळवली, डबे भरले, आणि इंजिन स्वतःच्याच माणसांकडून चालवून, पूल उडवला जाण्यापूर्वी नदीपार आणले. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी येथे अमेरिकेच्या १८७ व्या हवाई तुकडीने पॅराशूटने उड्या घेतल्या, तेव्हा रंगराज आणि त्यांच्यातले लहानसे शस्त्रक्रिया पथकही त्यांच्याबरोबर उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. ४०७७ च्या तंबूत, मॅकआर्थर जाताना क्लिंगर मशाल घेऊन उभा होता त्याच महिन्यांत, शेजारच्या टेबलावर एखादा भारतीय सर्जन काम करताना दिसला असता, तर कोणाही जाणकाराला हरकत घेता आली नसती.

दुसऱ्या एका भारतीय सैनिकाबाबत मात्र जपावे लागले असते. खांद्यावर बंदूक घेतलेला भारतीय जवान शस्त्रसंधीच्या आधीच्या कोणत्याही भागात आला असता तर तो कालविपर्यास ठरला असता. युद्धकैद्यांपैकी जे मायदेशी परतण्यास तयार नव्हते, अशा बावीस हजारांहून अधिक जणांना ताब्यात घेऊन सांभाळण्यासाठी भारताची कस्टोडियन फोर्स कोरियात गेली ती १९५३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तोफा थांबल्यानंतर. तिचे प्रमुख होते आपले मराठी सेनानी, मेजर जनरल शंकरराव थोरात. आणि कैद्यांचा निर्णय करणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. शेवटच्या भागात हॉकआय हेलिकॉप्टरमधून वर उठतो आणि खाली दगडांनी मांडलेला बी. जे.चा निरोप वाचतो, तेव्हा थोरात आणि त्यांचे जवान अजून निघायचे होते.